संगणकाचें पाणी बदलतांना



ज्या माणसानें छत्तीस वर्षें शाळेंत मुलांना उष्णतेचें वहन, तरफेचे प्रकार आणि पाण्याचे गुणधर्म शिकविले, आणि ज्याची स्वतःची विद्या मॅट्रिकपाशीं येऊन थांबली, त्यानें आकाशवाणीवर येऊन संगणकाच्या दुरुस्तीविषयीं बोलावें हें आपणांपैकीं कांहीं जणांना धाडसाचें वाटेल. मलाहि तें वाटतें. परंतु मी येथें जाणता म्हणून आलेलों नाहीं, नवशिक्या म्हणून आलों आहें. आणि नवशिक्याच्या चुका जाणत्यापेक्षां नवशिक्यालाच अधिक स्पष्ट आठवतात, एवढाच माझा अधिकार.

आमच्या घरीं, नागपुरास, माझ्या चिरंजीवांनीं सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनीं जुळविलेला एक संगणक आहे. सामान्य संगणकांतली उष्णता पंखे घालवितात. या संगणकांत तें काम पाण्याकडे सोंपविलेलें आहे. काचेच्या पेटींत नळ्यांतून पाणी फिरतांना दिसतें, आणि नवखे पाहुणे मासे कोठें आहेत म्हणून विचारतात. चिरंजीव २०२२ सालीं नोकरीनिमित्त परदेशीं गेले. यंत्र मागें राहिलें, कारण माझ्या कन्येचा उदरनिर्वाह त्यावर चालतो. जीं घरें अद्याप बांधलीं गेलींच नाहींत त्यांचीं हुबेहूब चित्रें ती वास्तुशिल्पज्ञांना करून देते. एक एक चित्र तयार होण्यास हें यंत्र कधीं कधीं रात्रभर राबतें, आणि राबतांना तापतें.

किती तापतें? प्रोसेसर म्हणून जो मुख्य भाग असतो तो चौकोनी बिस्किटाहून मोठा नसतो. आणि तो व चित्रें काढणारें ग्राफिक्स कार्ड, दोघे मिळून आमच्या यंत्रांत सुमारें ४०० वॅट उष्णता बाहेर टाकतात. ही उष्णता तेथेंच सांचूं दिली तर यंत्र प्रथम मंद होतें आणि मग स्वतःच्या रक्षणार्थ बंद पडतें. ती वाहून न्यावयास पाण्यासारखा हमाल नाहीं. एक लिटर पाणी एका अंशानें तापवावयास जितकी उष्णता लागते तितक्या उष्णतेनें सुमारें साडेतीन हजार लिटर हवा एका अंशानें तापते. मोठ्या यंत्रांच्या कारखानदारांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. आय.बी.एम.नें १९८० सालीं जाहीर केलेल्या ३०८१ या प्रचंड संगणकांत थंड पाणी खेळविलेलें होतें. आणि १९८५ चा क्रे-२ तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवांत अक्षरशः बुडवूनच ठेवलेला असे. आतां तीच युक्ति हौशी माणसें घरांत करतात.

आंतली रचना एकदां डोळ्यांपुढें आली कीं निम्मी भीति जाते. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा एक ठोकळा घट्ट बसविलेला असतो. त्याच्या पोटांत तांब्याचे अतिशय बारीक पडदे असतात आणि दोन पडद्यांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी असते. तेथून पाणी उष्णता घेऊन निघतें, मोटारीला असतो तसल्या रेडिएटरमध्यें जातें, तेथें पंख्यांच्या वाऱ्यावर ती टाकून देतें आणि एका लहान टाकींतून पंपाच्या मार्गें पुन्हां ठोकळ्याकडे येतें. टाकी पंपाच्या आधीं आणि त्याहून उंचावर असावी, म्हणजे पंप कोरडा पडत नाहीं. बाकी भागांचा क्रम कोणताहि ठेवला तरी फारसें बिघडत नाहीं. नवशिक्यांना ही शंका हमखास येते कीं, प्रोसेसरनंतर लगेच रेडिएटर नसेल तर पुढच्या भागास गरम पाणी मिळणार नाहीं काय? गणित करून पाहावें. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि त्यांत ४०० वॅट उष्णता पडत असेल, तर सबंध फेरींत पाणी जेमतेम दीड अंशानें तापतें. मीं हें गणित कागदावर सोडविलें तेव्हां छत्तीस वर्षांत प्रथमच विशिष्ट उष्णतेचा मला घरगुती उपयोग झाला.

नागपूरकरांना दुसरी एक शंका येते, आणि ती अधिक मार्मिक आहे. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघर कूलर चालतात. कूलरमध्येंहि पाणी, पंप आणि पंखा असतोच. मग कूलर खोली गार करतो तसा हा संगणक पाणी गार कां करीत नाहीं? कारण कूलरमधलें पाणी ताट्यांवरून उघडें वाहतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना तें हवेंतली उष्णता ओढून घेतें. संगणकांतलें पाणी बंद नळ्यांत कोंडलेलें असतें. तें खोलीच्या हवेहून थंड कधींच होऊं शकत नाहीं. आठ-दहा अंश अधिकच राहतें. आमच्या शेजाऱ्यांनीं यावर टाकींत बर्फ टाकण्याचा उपाय सुचविला. तो केला असता तर नळ्या हवेहून गार झाल्या असत्या, पेल्यावर सुटतात तसे त्यांवर घाम सुटून थेंब विजेच्या भागांवर पडले असते, आणि आजचें भाषण मला दुसऱ्याच विषयावर करावें लागलें असतें.

आतां माझ्या चुकीकडे येतों.

टाकींतलें पाणी महिन्यागणिक बोटभर उतरे. हें स्वाभाविक आहे. नळ्यांच्या अंगांतूनहि पाणी अगदीं सावकाश बाष्परूपानें निसटत असतें. पण मला तें ठाऊक नव्हतें. रेषेखालीं पाणी दिसलें कीं स्वयंपाकघरांतल्या फिल्टरचें पेलाभर पाणी मीं त्यांत ओतीत असें, आणि आपण मुलाच्या पश्चात् यंत्राची काळजी घेत आहों याचें मला समाधान वाटे. असें मीं तीन-चार वेळां केलें. कोणाला सांगितलें नाहीं. सांगण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें वाटलें नाहीं.

२०२३ च्या मे महिन्यांत, एका मोठ्या कामाच्या ऐन मुदतीच्या आदल्या रात्रीं, संगणक बंद पडला. पुन्हां सुरू केला, दहा मिनिटांनीं पुन्हां बंद पडला. पहाटेपर्यंत हेंच चाललें होतें. चित्रें वेळेवर गेलीं नाहींत आणि तें काम दुसऱ्याकडे गेलें. कन्या कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त टेबलावरचे कागद आवरून ठेवले. शहरांतल्या एका दुकानांत विचारलें तेव्हां पाण्याच्या यंत्राला आम्ही हात लावीत नाहीं, सगळें काढून साधे पंखे बसवा, असें उत्तर मिळालें. मीं त्या गृहस्थांना दोष देत नाहीं. दुसऱ्यानें जुळविलेल्या यंत्रांतलें पाणी गळलें तर त्याची जोखीम कोण घेणार?

रात्रीं चिरंजीवांशीं दूरध्वनीवर बोललों. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "बाबा, खोली, पाणी आणि प्रोसेसर, तिघांचें तपमान वेगवेगळें सांगा." खोली ३४ अंश होती, पाणी, टाकींतल्या मापकाप्रमाणें, ४३, आणि प्रोसेसर, पडद्यावरील आंकड्याप्रमाणें, ९७.

या तीन आंकड्यांत सारें निदान आहे, आणि नवशिक्यानें दुसरें कांहीं लक्षांत ठेविलें नाहीं तरी हें ठेवावें. खोली आणि पाणी यांतलें अंतर वाढलें असेल तर दोष रेडिएटरच्या बाजूस आहे: धूळ बसली असेल, पंखा थांबला असेल, किंवा पेटी भिंतीला चिकटून ठेवली असेल. पाणी आणि प्रोसेसर यांतलें अंतर वाढलें असेल तर दोष ठोकळ्याच्या बाजूस आहे: पडदे तुंबले असतील, मधला लेप सुकला असेल, किंवा पाण्याचा प्रवाहच मंदावला असेल. पंप साफ बंद असला तर तें हातालाच कळतें. ठोकळ्याजवळची नळी कढत लागते आणि दूरची थंड राहते. आमच्याकडे पहिलें अंतर नऊ अंश, म्हणजे यथायोग्य होतें. दुसरें चोपन्न होतें. पूर्वीं तें तिसाच्या आंत असे. पंपाचा आवाज येत होता. म्हणजे ठोकळाच उघडणें भाग होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं यंत्राची विजेची तार भिंतींतून काढली आणि कामाला लागलों. चिरंजीवांनीं सर्वांत खालच्या जागीं पाणी सोडण्याची एक चावी बसवून ठेविली होती. ज्यांच्या यंत्राला ती नसेल त्यांनीं पहिल्याच दुरुस्तींत ती बसवून घ्यावी. चावी उघडली तरी पाणी येईना. मग आठवलें कीं तेलाच्या डब्याला दोन भोकें पाडल्याशिवाय तेल ओघळत नाहीं. टाकीचें झांकण सैल केल्याबरोबर लिटरभर पाणी पातेल्यांत आलें. तें निळें राहिलें नव्हतें. त्याला हिरवट झांक होती आणि बोटांना तें बुळबुळीत लागत होतें.

उघडण्यापूर्वीं प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें आणि प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या वाटींत ठेवावे. मीं सात वाट्या घेतल्या होत्या. ठोकळा पेचकसानें उघडला तेव्हां त्या बारीक फटींत हिरवें शेवाळ भरलेलें दिसलें, आणि त्याबरोबर सायीसारखा एक पांढरा थर. पांढऱ्या थराचें कारण मागाहून कळलें. पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या मऊ राहाव्या म्हणून त्यांत एक द्रव्य घातलेलें असतें. गरम पाण्याच्या सहवासानें तें हळू हळू झिरपून बाहेर येतें आणि सर्वांत अरुंद जागीं जाऊन बसतें. शेवाळाचें कारण मात्र मला तत्काळ कळलें. यंत्र खिडकीशीं, उन्हांत होतें. आणि फिल्टरच्या पाण्यानें मीं मूळच्या पाण्यांतलें जंतुनाशक वरचेवर पातळ करीत आलों होतों.

कन्या दाराशीं उभी होती. तिला मीं सर्व सांगितलें. छत्तीस वर्षें मुलांकडून चुका कबूल करवून घेणाऱ्याला तीं चार वाक्यें फार जड गेलीं. ती म्हणाली, "बाबा, यापुढें पाणी घालायच्या आधीं मला विचारा," आणि जुना दांत घासण्याचा ब्रश आणून दिला.

ब्रश आणि शुद्ध पाणी, एवढ्यानेंच ठोकळा स्वच्छ झाला. आमच्या सौभाग्यवतींनीं देवाचीं तांब्याचीं भांडीं घासण्याची चिंच पुढें केली होती. पण ठोकळ्याच्या तांब्यावर निकेलचा पातळ मुलामा असतो आणि आंबट पदार्थ त्याचा नाश करतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांना या कामांत स्थान नाहीं.

पाण्यासंबंधीं थोडें अधिक सांगावयास हवें, कारण बहुतेक बिघाड पाण्यांतून निघतात. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याअखेर जी पांढरी खपली बसते ती आपल्या नळाच्या पाण्यांतल्या क्षारांची असते. म्हणून येथें ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, पाणीच हवें. आणि त्यांत गंज व जंतु यांना आवरणारें द्रव्य सांगितलेल्या प्रमाणांत घालावें, किंवा यासाठींच तयार मिळणारा द्रव घ्यावा. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे द्रव एकत्र करूं नयेत. शुद्ध पाण्यांतून वीज जवळ जवळ वाहत नाहीं, म्हणून तें गळलें तरी चालेल, असेंहि कोणी सांगतात. यावर विसंबूं नये. धातूंच्या व धुळीच्या संगतीनें थोड्याच दिवसांत त्याची ती शुद्धता जाते.

धातूंचेंहि तसेंच. लिंबांत तांब्याची व जस्ताची पट्टी खोंचून वीज उत्पन्न करण्याचा प्रयोग मीं किती वर्गांपुढें केला असेल याची गणती नाहीं. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असला म्हणजे आपण घरांत तोच प्रयोग वर्षभर चालू ठेवितों, आणि त्यांत ॲल्युमिनियम खाऊन जातें. आम्हांला नळ्या घेतांना असा एक रेडिएटर स्वस्तांत दाखविण्यांत आला होता. तांबें, पितळ आणि निकेल एकत्र नांदतात; ॲल्युमिनियम त्यांत आणूं नये.

नळ्या आम्हीं बदलल्या. पारदर्शक प्लास्टिकऐवजीं काळ्या रबराच्या घेतल्या. शोभा गेली, परंतु पांढरा थर पुन्हां बसला नाहीं. नळीचें तोंड काटकोनांत कापावें, गरम पाण्यांत क्षणभर धरावें, म्हणजे तें जोडावर सहज चढतें. जोड हातानेंच आवळावेत. पान्यानें आवळण्याचा मोह होतो आणि टाकीचें ॲक्रिलिक तडकतें. पाणी थोपविण्याचें काम आंतली रबरी कडी करते, आपली ताकद करीत नाहीं. प्रोसेसरवरचा जुना सुकलेला लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून, हरभऱ्याहून किंचित् लहान एवढा नवा लेप मध्यभागीं ठेवावा, आणि ठोकळ्याचे चार स्क्रू तिरप्या क्रमानें, प्रत्येकाला थोडे थोडे वेढे देत आवळावे. सायकलच्या चाकाच्या आऱ्या ज्यानें ताणल्या असतील त्याला हें निराळें सांगावयास नको. ग्राफिक्स कार्डाचा ठोकळा त्यावेळीं मीं उघडला नाहीं. तो नाजुक आहे, आणि त्याचें तपमान ठीक होतें.

आतां सर्वांत महत्त्वाची पायरी. पाणी भरतांना आणि गळती तपासतांना पंपाशिवाय दुसऱ्या कोणत्याहि भागाला वीज मिळतां कामा नये. त्यासाठीं वीजपेटींतून निघणाऱ्या इतर सर्व तारा काढून ठेवितात आणि मदरबोर्डाकडे जाणाऱ्या मोठ्या तारेच्या तोंडावर एक लहान टोपी बसवितात. तिला जंपर म्हणतात. त्यामुळें पंप एकटाच चालतो. पंपाला वंगण पाण्याचेंच असतें, म्हणून तो क्षणभरहि कोरडा चालूं देऊं नये. टाकी भरावी, दोन-तीन सेकंद पंप चालवावा, टाकी रिती होऊं लागली कीं थांबवावा, पुन्हां भरावी. पाणी सगळीकडे पोंचल्यावर पेटी हळूच या कुशीवरून त्या कुशीवर कलती करावी, म्हणजे रेडिएटरमध्यें दडलेले बुडबुडे गुरगुरत बाहेर येतात.

मग प्रत्येक जोडाखालीं टिश्यू कागदाची घडी ठेवून पंप चोवीस तास चालू ठेवावा. चोवीस तास हा नियम मला प्रथम अतिरेक वाटला. रात्रीं दहा वाजतां सारे कागद कोरडे होते, अकरा वाजतां कोरडे होते. कन्येला नवें काम मिळालें होतें आणि तिला सकाळीं यंत्र हवें होतें. आतां सुरू करून टाकूं, असें माझ्या तोंडावर आलेंहि होतें. ती म्हणाली, "राहूं द्या, बाबा." पहाटे दोनच्या सुमारास बॅटरीच्या उजेडांत पाहिलें तों ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या जोडाखालचा कागद पैशाएवढा ओला होता. रबरी कडी बसवितांना माझ्याकडून ती चिमटली गेली होती. तो थेंब चालू यंत्रांत पडला असता तर त्या कार्डाची किंमत माझ्या कित्येक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती. पंप थांबविला, पाणी उतरविलें, कडी बदलली, आणि चोवीस तास पुन्हां पहिल्यापासून मोजले.

दोन दिवसांनीं प्रोसेसरचा आंकडा ७० वर येऊन स्थिर राहिला.

तेव्हांपासूनची आमची दिनचर्या साधी आहे. यंत्र खिडकीपासून हलविलें. आठवड्यांतून एकदां तिन्ही आंकडे एका वहींत लिहून ठेवितों. बिघाड एकाएकीं क्वचित् होतो, वहींत तो आधीं दिसूं लागतो. महिन्याला रेडिएटरवरची धूळ झाडतों. त्या वेळीं पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं, वाऱ्याच्या झोतानें तीं भलत्याच वेगानें फिरूं देऊं नयेत. तीन महिन्यांनीं जोड आणि पाण्याचा रंग पाहतों. वर्षानें पाणी बदलतों. यदाकदाचित् कधीं गळती झालीच तर आधीं भिंतीवरचें बटन बंद करावें, मग फडकें शोधावें. याच्या उलट क्रमानें बहुतेकांचे हात चालतात.

कोणी विचारील, इतकें सगळें करून असा संगणक घ्यावा काय? घरांत पत्रें लिहावयाचीं, हिशेब ठेवावयाचे, मुलांचा अभ्यास करावयाचा, त्यांनीं याच्या वाटेस जाऊं नये. त्यांना चांगला मोठा पंखा पुरे. तो बिघडला तर गळत नाहीं. ज्यांचें यंत्र रात्र रात्र राबतें आणि ज्यांना तें शांत हवें, किंवा ज्यांना हातानें कांहीं करण्याची हौस आहे, त्यांची गोष्ट निराळी. मी या दोहोंपैकीं कोणींच नव्हतों. यंत्र माझ्या गळ्यांत पडलें. आतां आठवड्याचे आंकडे लिहावयाचे राहिले तर मला चुकल्यासारखें होतें.

पेटीच्या मागें चिकटविलेल्या कागदावर पाणी बदलल्याच्या तारखा आहेत. येत्या रविवारीं पुन्हां वर्ष भरतें. कन्येनें त्या दोन दिवसांचें काम घेतलेलें नाहीं, टिश्यूची गुंडाळी आणून ठेविली आहे, आणि या खेपेस ग्राफिक्स कार्डाचा ठोकळा ती स्वतः उघडणार आहे. मी वाट्या धरणार आहें.